पडून राहिली

अमानवीय म्हणावे असे काही माझ्या वाट्याला येईल, असे मला कधीही वाटले नव्हते. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे संकोचाने परंतु स्पष्टपणे सांगतो. अशा सदरांतले अनुभव मी आजवर केवळ भाषेसाठी वाचत आलो आणि वाचताना मनातल्या मनात त्यांचे शुद्धलेखन तपासत आलो. आयुष्यभर पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी व्याकरण शिकवले. स्वतःविषयी चार ओळी लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा काही कमीजास्त झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रवासही मी निवृत्तीनंतरच सुरू केला. यंदाच्या जानेवारीत वऱ्हाड पाहायचे ठरवले, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला — तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय? नागपूरला जाताना गाडीच्या खिडकीतून दिसते तेवढे पुरे की! मला मात्र नेमका तोच प्रदेश पाहायचा होता. अकोल्यात दोन दिवस काढले, अमरावतीत एक. मग एसटीने मोर्शीमार्गे वरूड. वाटेत कंडक्टर, चहावाले, शेजारचे प्रवासी यांचे बोलणे मी वहीत टिपत होतो. 'मी चाय पिऊन राहिलो', 'गाडी येऊन राहिली'... क्रिया चालू आहे हे दाखवण्याची त्यांची ही रीत कानाला फार गोड वाटत होती. आपल्याला ती चांगली समजू लागली आहे, असा माझा समजही झाला होता.

वरूडजवळ माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याला दिवाकर म्हणू या. गावापासून दोन किलोमीटरवर त्याचा संत्र्याचा बगीचा आहे आणि घरही तिथेच. घरात तो, त्याची पत्नी वंदनाताई आणि त्याची आई एवढीच माणसे. पहिल्या संध्याकाळी मला पोहोचायला उशीर झाला, तोवर आई झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्ता करून लवकरच बाहेर पडलो, त्यामुळे त्यांची भेट झाली नव्हती. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच नोंदवतो.

साडेअकराच्या सुमारास मी बगीच्यातून विहिरीच्या बाजूला चाललो होतो. ऊन सौम्य होते, झाडांवर मृग बहाराची फळे होती. झाडांच्या पलीकडच्या ओळीत एक वयस्कर बाई गळालेली संत्री गोळा करीत होत्या. मला त्यांचे हात दिसत होते. उजव्या मनगटाच्या वर गोंदलेला विंचू आणि त्याखाली ठिपक्यांची ओळ. अनोळखी स्त्रीशी बोलताना माझी नजर आपोआप खाली जाते, तशी ती तेव्हाही गेली. मी नमस्कार केला. हात न थांबवता त्या म्हणाल्या,

"भाऊ, माही सून इहिरीत पडून राहिली."

आवाज अगदी साधा होता, कोणी घड्याळातली वेळ सांगावी तसा. मला वाटले, एखादे जुने दुःख असावे. पडली, आणि वेळेवर कोणी पाहिले नाही म्हणून पडून राहिली... 'पडून राहणे' हे आपल्याही मराठीत रूढ आहे, त्यामुळे मला काहीच शंका आली नाही. मी हळहळलो. फार वर्षे झाली का, असे विचारले. उत्तर आले नाही. वर पाहिले, तर तिथे कोणी नव्हते; त्या पुढच्या ओळीत गेल्या असाव्यात. शोकातल्या माणसाला अधिक छेडू नये म्हणून मी परत फिरलो.

दुपारी जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि ठेचा. वंदनाताई वाढत होत्या. मी सहज त्या मजूर बाईंची चौकशी केली. त्यांच्या सुनेचे ऐकून वाईट वाटले, असेही म्हणालो. दिवाकर हसू लागला. आज मजूर बोलावलेच नव्हते म्हणे, तोडणीला अजून अवकाश होता. "अन आमच्या इहिरीत आजवर बेडकं सोडून कोनी पडलं नाही, सर. तुमाले कोनं येड्यात काढलं?"

मला थोडा रागच आला. पुण्याचा पाहुणा म्हणून गावातल्या कोणीतरी, कदाचित खुद्द दिवाकरनेच, माझी थट्टा मांडली असावी असा संशय आला. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारण्याची मला सवय आहे. मी ते बाईंच्या लकबीसह म्हणून दाखवले.

वंदनाताईंच्या हातातला डाव तसाच राहिला. दिवाकरचे हसणेही थांबले. त्याने मला वाक्य पुन्हा म्हणायला लावले आणि मग सावकाश म्हणाला,

"सर, आमच्यात याचा अर्थ ते झालं असा नसते. ते होऊन राहिलं असा असते. आता. या घडीले."

आयुष्यभर क्रियापदे शिकवली, आणि एका क्रियापदाने मला असे गाठले होते!

"कोन पडून राहिलं इहिरीत?" आतल्या खोलीतून आवाज आला. दिवाकरच्या आई भिंतीला धरून दारात आल्या. आवाज तोच होता. भिंतीवर टेकलेल्या हातावर तोच विंचू, तीच ठिपक्यांची ओळ. एरवी कोणाविषयी चारचौघांत पटकन काही न बोलणारा मी त्या क्षणी बोलून गेलो — "ह्याच त्या."

हे दोन शब्द मी गिळले असते, तर फार बरे झाले असते.

आईंना काहीच कळेना. त्यांचा गुडघा आठवडाभर सुजलेला होता, त्यांनी उंबराही ओलांडला नव्हता. सकाळी नऊपासून जेवणाच्या तयारीपर्यंत त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि समोर बसून सोलायला वंदनाताईच होत्या. हे वंदनाताईंनी स्वतःच सांगितले. सांगताना त्या सासूबाईंकडे पाहत मात्र नव्हत्या.

तीन वाजता शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, यायची होती. मोटार हवा धरते, म्हणून रोज लाइन आली की विहिरीच्या काठावरून आत काढलेल्या फळीवर उभे राहून मोटारीत कळशीभर पाणी ओतावे लागते. ते काम वंदनाताईंचे होते. दिवाकर उठला आणि पहार घेऊन निघाला. मागोमाग मी आणि वंदनाताई. फळी वरून ठणठणीत दिसत होती. त्याने काठावर उभे राहून पहारेचा एक ठोका दिला, तशी ती मधोमध मोडली आणि खाली गेली. पाण्याचा आवाज यायला जरा वेळच लागला. काठावर राहिलेला तुकडा उपसून पाहिला, तर खालची बाजू वाळवीने पार पोखरलेली होती.

कोणी माझे आभार मानले नाहीत, आणि ते योग्यच होते. दिवाकर माझ्याकडे टक लावून पाहत होता. सकाळी मी फळीवर पाय देऊन पाहिला असेल, ती हलली असेल, आणि घरच्यांना सांगायचा संकोच वाटला म्हणून बाईची गोष्ट रचली असेल, असे त्याने अत्यंत आदराने सुचवले. माझा स्वभाव पाहता त्याचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पण मी विहिरीपर्यंत गेलोच नव्हतो. आणि आईंच्या हातावरचा विंचू मी कुठून रचणार?

परतल्यावर वंदनाताई सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, तुमाले मालूम होतं तं मले कावून नाही सांगतलं? पाहुन्याले कावून सांगतलं?"

"मी हाललीच नाही वं इथून. तुयासमोर तं होती."

"ते मले मालूम हाय," वंदनाताई म्हणाल्या. "तरीबी."

एवढे म्हणून त्या गोठ्याकडे निघून गेल्या.

दिवाकरचा अधूनमधून फोन येतो. विहिरीवर आता लोखंडी जाळी बसवली आहे. वंदनाताई मात्र पाणी ओतायला जात नाहीत आणि सासूबाईंनी केलेला चहाही घेत नाहीत. पूर्वी या दोघी एका ताटात जेवत, असे तो म्हणाला. एक जीव वाचला हे खरे. पण त्या घरात माझ्या दोन शब्दांनी जे मोडले, ते बसवायचे कसे, हे मला ठाऊक नाही.

स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. भास म्हणावा, तर ज्या हाताला मी कधी पाहिले नव्हते त्याचे गोंदण भासात कसे आले? थट्टा म्हणावी, तर फळी खरी होती. मी खूप विचार केला आणि थांबलो.

एक गोष्ट मी दिवाकरला सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो, तेव्हा तो गाडी काढायला गेला होता आणि वंदनाताई गोठ्यात होत्या. आईंनी मला हाताने जवळ बोलावले. त्या रात्रभर झोपल्या नसाव्यात. इकडेतिकडे पाहून त्यांनी अगदी हळू विचारले,

"भाऊ, ते सांगतानी... मी हासत तं नोती ना?"

मी म्हणालो, "नाही, आई. मुळीच नाही."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी तेव्हाही खालीच पाहत होतो. बगीच्यातल्या त्या बाईंचा चेहरा मी एकदाही पाहिलेला नव्हता.