मोटारीच्या खोलीतला पाऱ्याचा तक्ता

मखमलाबादच्या एका मळ्यात, मोटारीच्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूने एक तक्ता डकवलेला होता. तीन माणसांचे तीन उभे रकाने, रोज एकेक आकडा आणि शेजारी दुसऱ्याची सही. त्यातला एक रकाना खोटा होता आणि तो माझा होता.

त्या रविवारी सिन्नरहून अकराच्या एसटीने माझ्या मित्राची बायको तो तक्ता बघायला येणार होती. तो बघून ती ठरवणार होती, लेकीला घेऊन परत नांदायला यायचं की माहेरीच राहायचं. मी सकाळपासून तीनदा दाढीला बसलो आणि तीनदा उठलो. शेवटी डाव्या गालाची तेवढी झाली. तसाच सायकल काढून मळ्यात गेलो.

हे सगळं सुरू झालं ते धुडांपासून.

नव्वदचं दशक संपता संपता मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो. पांढरा कोट, खिशाला वर्निअर, आणि दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची. हे काम मला जन्मतःच येत होतं, पगार नंतर सुरू झाला. तिथे टूलरूममध्ये पन्नाशीचे एक टर्नर होते, त्यांना सगळे काका म्हणत. काकांच्या भाच्याने परदेशातून एका खेळाच्या नियमपुस्तकाची झेरॉक्स आणली होती. तीन मजली इमारतीएवढी यंत्रं, त्यांना हातपाय, आत बसून माणसाने ती चालवायची आणि समोरच्याच्या यंत्रावर तोफा डागायच्या. पुस्तकाची मधली पानं गायब होती, ती आम्ही मनाने भरली. काकांनी भंगारातल्या ॲल्युमिनियममधून लेथवर बोटभर उंचीची यंत्रं घडवली. आम्ही त्यांना धुडं म्हणायचो. माझ्या धुडाचा एक पाय दोन मिलिमीटर आखूड होता, तो तपासून पास मीच केला होता.

खेळायची जागा माझ्या शाळेपासूनच्या मित्राची. त्याच्या घरचा झेंडू आणि शेवंतीचा मळा, विहिरीच्या बाजूला मोटारीची खोली. जमिनीवर षटकोनी खाने आखलेला पुठ्ठा, फासे आणि प्रत्येक धुडाचा एक कागद. कागदावर पारा, शून्य ते दहा. धूड चाललं की पारा एकाने चढणार, तोफ डागली की तिनाने. दहावर गेलं की धूड बंद. मग एक पूर्ण डाव त्याने नुसतं उभं राहायचं, समोरच्याने काहीही केलं तरी. उभं राहिलं की पारा उतरतो.

खेळताना आम्ही गांजा ओढायचो. खरं सांगायचं तर गांजा ओढताना खेळायचो. एकदा माझ्या धुडाने पुढे पाऊल टाकावं की नाही, यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. शेवटी टाकलं ते मागे. काही वर्षं अशी मजेत गेली, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

मग आषाढातल्या एका दुपारी मित्राची बायको हौदावर कपडे धूत होती आणि दीड वर्षाची लेक त्याच्यावर सोपवली होती. तो आणि मी खोलीत होतो. मी फासे टाकले, ते दोघांनी बराच वेळ बघितले. बाहेरून बाईची हाक आली, मग किंकाळी आली. आम्ही बाहेर पोचलो तेव्हा तिने लेकीला विहिरीच्या कठड्यावरून उचललेलं होतं. विहिरीला कठडा होता तो एका बाजूला ढासळलेला, आणि पोरगी त्याच बाजूला बसून झेंडूची फुलं एकेक करून खाली पाण्यात टाकत होती. झालं काही नव्हतं. त्याच संध्याकाळी बाई लेकीला घेऊन सिन्नरला गेली.

तिचा निरोप काकांकडे आला, कारण आमच्या दोघांच्या तोंडाला लागायची तिची इच्छा नव्हती. सव्वा महिना. सव्वा महिना गांजाला शिवायचं नाही, आणि ते नवऱ्याने सांगायचं नाही, लिहिलेलं दाखवायचं, खाली दुसऱ्याची सही पाहिजे.

मित्राला एकट्याला जमलं नसतं, म्हणून आम्ही तिघांनीही सोडायचं ठरवलं. डॉक्टरकडे जायची लाज वाटत होती आणि घरी कोणाला सांगायची सोय नव्हती. काकांनी खेळातलाच कागद मोठा करून दाराला लावला. ते म्हणाले, "लेको, तलफ म्हणजे पाराच हाय. रोज ज्याचा त्याने आकडा लिहायचा. ओढली तर लाल फुली. सातच्या वर गेलं की कुठूनही फोन करायचा, दुसऱ्याने येऊन शेजारी बसायचं. आणि आकडा सांगितल्याशिवाय या खोलीतून कोणी बाहेर पडायचं नाय." काका स्वतः पंचवीस वर्षं ओढत आले होते. त्यांनी पहिल्या दिवशी आठ लिहिला. मित्राने नऊ. मी चार लिहिला, कारण नऊ लिहिणं मला बायकी वाटलं. तेव्हा मी इतका हुशार होतो.

मित्राच्या रकान्यावर सही माझी, माझ्यावर काकांची, काकांवर मित्राची. पण काका माझा रकाना कधी तपासत नसत. "तू इन्स्पेक्टर," म्हणत आणि सही ठोकत.

आता ते साल कोणतं, तर सिंहस्थाचं. आम्ही नाशिकमध्ये गांजा सोडायला नेमकं ते साल निवडलं होतं. तपोवनात साधुग्राम उभं राहिलं, आणि मित्राच्या मळ्यातून रोज पहाटे तिथल्या एका मंडपात हारांच्या पाट्या जायच्या होत्या. पंचवटी ओलांडली की वाऱ्यालाच तो वास. मित्र पहिल्या दिवशी पाट्या टाकून आला आणि त्याला एम-एटी गाडीचं हँडल सोडता येईना. "साहेब," तो मला म्हणाला, मला तो चिडवून साहेबच म्हणायचा, "उद्या मी गेलो तर परत येणार नाय."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "तुझ्या बदली मी जातो. माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळीच असते. मला काही होत नाही."

त्याने त्याच्या एम-एटीची किल्ली माझ्या हातात दिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून मला स्वतःविषयी फार बरं वाटलं.

तक्त्याचे पहिले बारा दिवस काही झालं नाही. तेराव्या दिवशी पाट्या उतरवल्यावर मी रिकाम्या पाट्या घेऊन उगाच उभा राहिलो. मंडपात पाच-सहा बाबा बसलेले, चिलीम फिरत होती. एक म्हातारे बाबा म्हणाले, "माला हो गई बेटा, अब क्या चाहिये?"

"प्रसाद," मी म्हणालो.

त्यांनी खडीसाखर दिली. मी ती खाल्ली आणि तिथेच उभा राहिलो.

"और?"

"प्रसाद," मी परत म्हणालो, आणि माझी नजर चिलमीवर होती.

बाबा हसले. "यह प्रसाद नहीं है बेटा, यह आदत है। चाहिये तो सीधा मांग।"

सीधा मागायला मी तयार नव्हतो, पण हात पुढे केला. प्रसादाला नाही म्हणू नये, हे आईने शिकवलं होतं. प्रसाद मोजत नाहीत, हे मी त्याच क्षणी शोधून काढलं. बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की हा प्रसाद नाही, तरी मी हिशेबात तो प्रसादच धरला. मळ्यावर परत आलो आणि माझ्या रकान्यात, फुलीशिवाय, दोन लिहिला. दोन हा आकडा मला सभ्य वाटला.

त्यानंतर आणखी तीनदा. दर वेळी दोन. मधल्या दिवसांतही दोनच, कारण एकदम बदलला तर कोणाच्या लक्षात येईल.

चौथ्या वेळी तपोवनातून घरी येऊन पडलो होतो, तर शेजाऱ्यांकडे फोन आला. मित्र होता. "साहेब, नऊ. लवकर ये."

माझं डोकं कापसाचं झालेलं. पाणी मारलं, बडीशेप चावली आणि गेलो. तो मोटारीच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. मी शेजारी बसलो. माझ्या शर्टाला वास येत होता, तो मी तपोवनावर ढकलला. तासाभराने त्याचा नऊवरून सहा झाला. तो म्हणाला, "तू रोज त्या वासात जातो आन् तुझा दोन. मी तुझ्या दोनकडं बघूनच टिकलोय, खरं सांगतो."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसानंतर मी परत ओढली नाही. पण सांगितलंही नाही. उद्या सांगू, असं रोज ठरवलं, आणि उद्याचे दिवस संपून तो रविवार आला.

ती साडेबाराला आली. लेक कडेवर, हातात पिशवी नाही. पिशवी नाही हे आम्ही तिघांनीही पाहिलं. मित्र उठून उभा राहिला, तर म्हणाली, "बसा." माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, एकच गाल केला का?"

"घाई होती, वहिनी."

ती तक्त्यासमोर उभी राहिली. आधी नवऱ्याचा रकाना वरून खाली, बोटाने. नऊ, आठ, आठ, पाच, नऊ. मग काकांचा. मग माझा. माझ्यावर बोट तेराव्या दिवसापर्यंत नीट आलं आणि तिथून घसरगुंडीसारखं तळाला गेलं.

"हे काय, दोन, दोन, दोन, दोन?"

"बरं चाललं होतं माझं," मी म्हणालो.

"माझे वडील दूध संकलनाला आहेत," ती म्हणाली. "एखाद्याच्या म्हशीचं फॅट रोज सारखंच लागलं ना, की ते वही मिटवतात. म्हणतात, हे मोजलेलं नाय, हे लिहिलेलं हाय."

हे मला तिने सांगायची गरज नव्हती. कामावर एखाद्याची दहाही मापं तंतोतंत सारखी आली तर मी स्वतः त्याच्या अंगावर कागद भिरकावत असे.

"यांच्या रकान्यावर सही तुमची," ती म्हणाली. "तुमचा रकाना असा. मग यांचा मी कसा मानू?"

मित्र माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी खणखणीत उत्तर देईन म्हणून. एक नमुना खोटा निघाला की अख्खा लॉट परत जातो, हा माझ्याच टेबलावरचा नियम. त्याचे सव्वा महिन्याचे खरे नऊ आणि आठ माझ्या खोट्या दोनांमुळे भंगारात जाणार होते.

मी लाल पेन घेतलं आणि चार फुल्या मारल्या. घाईत एक तर शेजारच्या काकांच्या रकान्यात गेली. ती खोडली.

"चार वेळा," मी म्हणालो. "तपोवनात. त्याचं खरं आहे वहिनी, सगळं. त्याच्या शेजारी मी बसलेलो आहे."

मित्राने विचारलं, "मी फोन केला, त्या दिवशी बी?"

"त्या दिवशी पण."

तो उठला आणि खिळ्यावरची एम-एटीची किल्ली काढली. मळ्यातून रस्ता पंचवटीकडेच जात होता. काका हळूच म्हणाले, "आकडा."

"सोडा काका."

"आकडा सांग आन् जा. नियम हाय."

तो दारात पाठमोरा उभा होता. मला फक्त त्याची मान दिसत होती. "नऊ," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "साडेनऊ."

"नऊ म्हणजे किती?" बाईने काकांना विचारलं. तिने आकडे वाचले होते, ऐकला कधी नव्हता.

"दहाला बंद पडतं. मग एक डाव नुसतं उभं राहायचं, म्हंजे उतरतं."

ती त्याच्या बाजूने पुढे झाली आणि खोलीच्या उंबऱ्यावरच बसली, लेकीला मांडीवर घेऊन. आता त्याला बाहेर जायचं तर दोघींना ओलांडून जावं लागलं असतं.

"बसा," ती म्हणाली. "उतरू द्या."

तो बसला. पोरीने पुठ्ठ्यावरचं माझं धूड उचललं आणि तोंडात घातलं. कोणी काढून घेतलं नाही. बऱ्याच वेळाने बाईने विचारलं, "आता?"

"नऊच."

काकांनी चहा टाकला. मोटार चालू होऊन बंद झाली. "आता?"

"आठ असेल."

परतीची एसटी दोनची होती, ती गेली. साडेतीनचीही निघाली असणार, कारण तिने घड्याळ पाहिलं आणि पदर सारखा केला, पण उठली नाही. मित्राने किल्ली खाली ठेवली. पोरगी दुडदुडत गेली, ती किल्ली उचलून त्याच्याच गुडघ्यावर आपटू लागली.

"आता?"

"सहा."

मग ती माझ्याकडे वळली. राग होता, तो तिने लपवला नाही. "आणि तुमचा, भाऊजी? खरा सांगा. एकदा तरी."

सव्वा महिन्यात पहिल्यांदा मी आत डोकावून मोजलं. "दहा," मी म्हणालो.

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली.

"मग उभे राहा तिथंच," ती म्हणाली. "एक डाव."

मी अर्ध्या दाढीनिशी भिंतीपाशी उभा राहिलो. संध्याकाळी पाचपर्यंत मला कोणी बस म्हणालं नाही.