सुजाताच्या नावाची ओळ

हे लिहू की नको, यात दोन महिने गेले. या सदरातल्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून भूत, भानामती, अंगात येणं हे सगळं आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेरच राहिलं. आत्मा असं काही नसतं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो आणि पुढे पंचावन्न वर्षांत त्यावर शंका घ्यावी असं काही घडलं नाही. आजही मी माझं मत बदललेलं नाही. फक्त एक गोष्ट घडली, ती जशी घडली तशी लिहितो आहे... शक्य तितक्या सावकाश, म्हणजे त्यात माझ्याकडून भर पडणार नाही.

मी मिलिंद. व्यवसायाने मुद्रितशोधक, म्हणजे छापायला जाणाऱ्या पुस्तकांची प्रुफं तपासतो. राहायला घाटकोपर पूर्वेला, पंतनगरमध्ये. तिथेच एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं छोटं वाचनालय आहे. ते माझ्या मोठ्या बहिणीने, सुजाताताईने उभं केलं. ताई एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर विभागात होती. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि उरलेला वेळ वाचनालयाला दिला. अंध वाचकांसाठी ती पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. नऊ वर्षं, रोज सकाळी दोन तास. वीस-बावीस वाचक दर शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन यायचे किंवा घरातल्या कुणाला पाठवायचे, आणि पुढची प्रकरणं भरून न्यायचे.

ही सगळी रेकॉर्डिंग वाचनालयाच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर म्हटलं की मोठं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आमचा म्हणजे कपाटाशेजारी स्टुलावर ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर, ताईने स्वतः जोडलेला. वाचनालयातल्या बाकीच्या दोन कॉम्प्युटरवरून त्याच्यातला ‘वाचन’ नावाचा फोल्डर उघडायचा. बस, एवढंच.

ताई गेल्या वर्षी गेली. हृदयाचा झटका, हॉस्पिटलच्या वाटेवरच.

वाचनालयाचा एक नियम आहे, ताईनेच घातलेला. सभासद वारला की नोंदवहीतल्या त्याच्या नावावर हिरव्या शाईने एकच सरळ रेघ मारायची, पुढे ‘दिवंगत’ लिहायचं, आणि सर्व्हरमधूनही त्याचं नाव काढायचं. ‘नाहीतर यादी फुगते आणि माणसं आहेत असं वाटत राहतं,’ असं ती म्हणायची. ताईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो आणि नियमाने सगळं केलं. रेघ मारली. मग तिची वही काढली. त्यात ‘सभासद गेल्यास’ या मथळ्याखाली दोन ओळींची कमांड होती. मशीनसमोर बसून ती जशीच्या तशी टाइप केली. नावाच्या जागी सुजाता. एंटर. मशीनने काहीही विचारलं नाही. मला वाटलं, ताई असती तर म्हणाली असती — शाब्बास, मिल्या.

पुढचे दहा दिवस फोल्डर नीट उघडत होता. मग इमारतीत विजेचं काम निघालं, मशीन बंद करून पुन्हा चालू झालं, आणि ‘वाचन’ उघडेना. परवानगी नाही — एवढाच निरोप, दोन्ही कॉम्प्युटरवर.

पहिला फोन परबकाकूंचा आला. काकू मूळच्या मालवणकडच्या, आयुष्य गिरणीत काढलेल्या. नजर जाऊन सहा-सात वर्षं झाली. एका बोटीवर नोकरी करणाऱ्या नर्सची कादंबरी त्या ऐकत होत्या. ताईने तिची बारा प्रकरणं वाचून ठेवली होती, काकूंची आठ झाली होती.

“काय रे मिलिंदा, तुझ्या तायचो आवाज खय गेलो?”

“काकू, मशीनमध्ये बिघाड आहे. बघतो.”

“दोन शनिवार तशेच गेले. ती नर्स बोटीवरसून उतारली काय नाय, ता माका कळाक होया. माजा वय काय वाट बघूचा नाय आता.”

त्याच आठवड्यात इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी जाधव आले. माणूस चांगला. पण इमारतीत कॅमेरे बसवायचे ठरलं होतं आणि त्यांचं चित्रण साठवायला मशीन हवं होतं.

“मिलिंद सर, तुमचं ते मशीन तसंही बंदच आहे ना? रविवारी कॅमेऱ्यावाला येतोय. फॉरमॅट मारून देतो म्हणाला.”

“त्यात ताईचा आवाज आहे, जाधव.”

“अहो, पण उघडतच नाही ना ते. बंद कपाटात ठेवलेलं सोनं काय कामाचं?”

“रविवारपर्यंत उघडेल,” मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. मला त्यातलं काही येत नव्हतं. तो दिवस मंगळवार होता.

जाणकार वाचक इथे म्हणतील की फायली कुठे पळाल्या नव्हत्या, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली असती तर पाच मिनिटांत मिळाल्या असत्या. खरं आहे. मला ते नंतर कळलं. त्या चार दिवसांत माझ्यापुढे फक्त ताईची वही होती.

वहीत एक पान होतं — ‘सेटिंगची फाइल बदलताना’. आधी प्रत काढून ठेव. एका वेळी एकच ओळ बदल. जुनी ओळ खोडायची नाही. तिच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाक, म्हणजे मशीन ती वाचत नाही पण माणसाला दिसते. खाली नवी ओळ लिही, आणि पुढे # टाकून का बदललं ते लिही. मला हे वाचून एकदम बरं वाटलं. प्रुफं तपासताना आम्ही हेच करतो. लेखकाचं वाक्य कुणी पुसून टाकत नाही, कारण आपणही चुकू शकतो.

फाइल उघडली. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी. अधूनमधून # पुढे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ताईचं मराठी — ‘जाधवांच्या कॉम्प्युटरला त्रास होत होता म्हणून’, ‘हे मिल्याने विचारलं होतं, उत्तर नाही असंच’. ते सगळं वाचून काढलं. मग चष्मा पुसला आणि ‘वाचन’ फोल्डरच्या ओळी शोधल्या. सहाच होत्या. फोल्डर कुठे आहे, कुणी वाचायचं, कुणी लिहायचं... आणि शेवटची — फोर्स युजर = सुजाता. वहीत तिचा अर्थ दिला होता: आत कुणीही येवो, मशीनने त्याला सुजाता समजायचं.

बुधवारी मी परवानगीच्या यादीत माझं नाव घातलं. नाही उघडलं. त्या ओळीपुढे # टाकला, कारण लिहिलं. गुरुवारी कुणालाही आत येऊ द्यावं अशी ओळ घातली. नाही. शुक्रवारी लिहिण्याची परवानगी देऊन पाहिली, मग काढून पाहिली. नाही. रोज संध्याकाळी जाधव दारातून डोकावायचे आणि माझं तोंड बघून काही न विचारता जायचे. तेवढं मात्र त्यांचं बरं होतं.

शनिवारी सकाळी माझ्या मनात आलं की अडचण त्या शेवटच्या ओळीत असणार. गेलेल्या माणसाचं नाव तिथे राहिलं आहे. बाकी सगळीकडून काढलं, इथलं राहिलं. सुजाताच्या ओळीपुढे # टाकताना हात जरा थांबला. पण टाकला. खाली लिहिलं, फोर्स युजर = मिलिंद. पुढे कारण लिहिलं: ‘सुजाता आता नाही.’

फोल्डर उघडला — म्हणजे नुसतं दार उघडलं. आतली एकही फाइल उघडू देईना. कितीही वेळा केलं तरी तेच. दुपारचा एक वाजला. भूक लागली होती, डोकं चालत नव्हतं. मशीनमधून लॉगआउट केलं, वाचनालयाला कुलूप लावलं आणि घरी गेलो. हे तपशील मी नंतर अनेकदा मनात तपासले आहेत. लॉगआउट केलं होतं. कुलूप लावलं होतं. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, दुसरी जाधवांकडे, आणि जाधव त्या दिवशी सकाळपासून सांताक्रूझला भाचीच्या साखरपुड्यात होते.

चार वाजता परत आलो. कुलूप होतं तसंच. म्हटलं, सकाळची ओळ मागे घ्यावी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. फाइल उघडली.

माझ्या ओळीपुढे # होता.

तिच्या खाली नवी ओळ होती: फोर्स युजर = सुजाता. आणि पुढे, # टाकून, इंग्रजी अक्षरांत मराठी — ‘नको. फायली माझ्या नावावर आहेत.’

मी उठून खिडकी उघडली. बाहेर इस्त्रीवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता, लख्ख ऊन होतं. परत येऊन वाचलं. ओळ तशीच होती. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेलो आणि ‘वाचन’वर क्लिक केलं.

उघडलं. नऊ वर्षांतली सगळी पुस्तकं, ताईने दिलेल्या क्रमांकांनी. नर्सच्या कादंबरीचं नववं प्रकरण लावलं. आधी तिचं नेहमीचं खाकरणं, मग “प्रकरण नववं.” मी ते बंद केलं नाही, चालू ठेवलं आणि पोर्टेबल डिस्क लावून सगळं उतरवायला घेतलं. तिचा आवाज चालू होता आणि मी पडद्यावरचा आकडा पुढे सरकताना बघत होतो. भीती वाटली का, असं लोक विचारतात. नाही. वेळ पुरेल की नाही, याची काळजी वाटत होती.

रविवारी जाधव कॅमेऱ्यावाल्याला घेऊन आले. डिमेलो त्याचं नाव, गोराईहून आला होता. तिशीचा, बोलका.

“काका, हेच ना? चला, उडवू या.”

“उडवायचं नाही,” मी म्हणालो. “आधी हे बघून सांगा.”

त्याने फाइल वाचली, मग मशीनला काहीतरी विचारलं, मग परत फाइल वाचली.

“काका, ही सुजाता कोण?”

“माझी बहीण. वारली.”

“सॉरी काका. पण ना, हा युजरच नाही या मशीनमध्ये. कुणी तरी डिलीट केलाय.”

“मी.”

“मग तिथेच वाट लागली. सगळ्या फायली तिच्या नावावर. युजर उडवला, मग फायलींना मालकच नाही. म्हणून बंद पडलं.” त्याने पडद्याकडे बोट केलं. “पण आता... चालायला नको हे. नसलेल्या युजरच्या नावाने कसं चालेल?”

“चालतंय.”

“तेच तर बोलतोय ना. चालतंय कसं?” त्याने एक रिकामी फाइल बनवून फोल्डरमध्ये टाकली आणि तिचा मालक कोण ते पाहिलं. पडद्यावर आलं — सुजाता. “युजरच नाही, तर नुसता नंबर यायला पाहिजे होता. नाव कुठून आलं?”

मग त्याने मशीनची हजेरी काढली. शनिवारी एक वाजता मी बाहेर पडलो ती नोंद होती. पुढची नोंद चार वाजता माझीच. फाइल बदलल्याची वेळ मात्र दोन वाजून काही मिनिटांची.

“काका, तुम्हीच केलं असेल. टेन्शनमध्ये माणूस विसरतो.”

मीही तो विचार केला होता. दुःखात माणूस काय करेल सांगता येत नाही. पण फायली तिच्या नावावर असतात, हे मला डिमेलोने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मग ते मी लिहिलं कसं? आणि समजा लिहिलं, तरी ते चालतं कसं?

“युजर परत बनवून देऊ का नीट? पाच मिनिटांचं काम आहे.”

“नको. जे चालतंय त्याला हात लावायचा नाही.”

जाधव पुढे झाले. “मग कॅमेऱ्यांचं काय करायचं, सर?”

“दुसरं मशीन बघा. हे इथून हलणार नाही. कमिटीपुढे विषय आणायचा तर आणा, मी येऊन सांगेन.”

“तुम्ही एवढ्या जोरात कधी बोलला नव्हतात,” जाधव म्हणाले, आणि डिमेलोला चहाला घेऊन गेले. विषय कमिटीपुढे आला नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ ते बारा प्रकरणं भरलेला पेन ड्राइव्ह घेऊन मी स्वतः परबकाकूंकडे गेलो. त्यांच्या सुनेने तो लावून दिला. ताईचा आवाज सुरू झाल्यावर काकूंनी पदर नीट केला, पाहुणं आल्यावर करतात तसा. चार दिवसांत त्यांनी चारही प्रकरणं संपवली आणि फोन केला. “नर्स अजून बोटीवरच आसा. पुढचा खय?”

पुढचं नव्हतं. ताईने बाराच वाचली होती.

मी आयुष्यभर मनातल्या मनात वाचलेला माणूस आहे. मोठ्याने वाचायची वेळ शाळेनंतर आली नव्हती. ताईच्या माइकसमोर बसलो, तेरावं प्रकरण तीनदा वाचलं, तिसरं ठेवलं आणि काकूंना पाठवलं.

“तुझो आवाज बरो आसा रे,” काकू म्हणाल्या. “पण धावतस कित्याक? ताय कधी धावली नाय.”

म्हणून ते पुन्हा वाचलं, सावकाश. मग चौदावं वाचलं. काल पंधरावं झालं. डिमेलो अजून कधीतरी फोन करून विचारतो, “काका, चालतंय ना अजून?” मी हो म्हणतो. तो फोन ठेवतो. आत्मा नाही, हे मी आजही सांगेन, कुणी विचारलं तर. कादंबरीची चार प्रकरणं राहिली आहेत. नर्स उतरते की नाही, ते शेवटचं पान उलटून मी अजून पाहिलेलं नाही.