खोडव्यात हरवलेली म्हैस

आमच्या घरापासून मळा दीड किलोमीटरवर आहे आणि तो तिथून कधीही हललेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या पावसाळ्यात मला त्याबद्दल शंका येऊ लागली होती.

मी फौजेतला. बावीस वर्षं सिग्नलमध्ये काढली. निवृत्त होऊन शिराळ्याजवळच्या आमच्या गावी आलो आणि हौशी रेडिओचा परवाना काढला. (सरकारच्या परवानगीनं घरात बसून अनोळखी माणसांशी हवामानावर गप्पा मारायच्या, असा हा छंद. बायकोच्या मते त्याला गावचा पार पुरतो!)

उन्हाळ्याच्या तोंडाला आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खुबा मोडला. मिरजेत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "सहा महिने रानात पाऊल टाकायचं नाही!" आबांना खुब्याचं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता मळ्यातल्या हरणीत. ही म्हैस रेडकू असतानाच तिची आई मेली, तेव्हा आबांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता ती पहिल्यांदाच गाभण होती.

"ती व्यायच्या वक्ताला मी न्हाई म्हंजे..." एवढं बोलून आबांनी भिंतीकडं तोंड केलं. मी बोलून गेलो,

"आबा, तुमाला हितं खाटंवर म्हैस दावतो!"

"मळ्यात फोनला रेंज न्हाई आन् म्हैस कशी दावणार?" बायको म्हणाली.

"रेंज लागतीय कुणाला?" मी छाती काढून म्हणालो.

मिरजेच्या एका रेडिओमित्राकडून मी वायफायचे दोन जुने डबे आणले. त्यांच्यातला घरगुती प्रोग्रॅम पुसायचा, हौशी रेडिओवाल्यांचा भरायचा आणि दोन्ही टोकांना टीव्हीच्या जुन्या छत्र्या एकमेकींकडं तोंड करून लावायच्या, की घरात चालणारं वायफाय दीड किलोमीटर पळतं. एक छत्री आमच्या गच्चीवर चढली, दुसरी गोठ्याच्या पत्र्यावर. (गोठा जेमतेम आठ फूट उंच. आणखी वर लावायला हवी होती, पण शिडी हलत होती आणि मीही!) गोठ्यात कॅमेरा आणि आबांच्या खाटेपुढं पडदा लावला.

आमच्या छंदाचे नियम कडक. या रेडिओवर गुपित बोलायचं नाही, सगळं उघड्यावर, कुणालाही ऐकता येईल असं. म्हणून मळ्यात राहणाऱ्या धाकट्या भावाला, संजूला, मी ताकीद दिली, "कॅमेऱ्यापुढं गावकीचं काय बी बोलायचं न्हाई!" संजू इतका धसकला की म्हशीलाही हातानं खुणा करायला लागला.

उद्घाटनाच्या दिवशी मी सगळ्यांना उभं करून व्याख्यान दिलं. "दोन छत्र्यांच्या मधी काय बी आडवं येता कामा न्हाई! झाडाचं पान सुदिक न्हाई!"

"आन् ऊस रं?" आबांनी खाटेवरून विचारलं.

"ऊस तुटून गेला की आबा! रान कसं तळहातागत मोकळं हाय. तुमाला ह्यातलं कळत न्हाई."

पडद्यावर हरणी आली, रवंथ करणारी, कानावरची माशीसुद्धा स्पष्ट! आबांनी पडद्यावर हात फिरवला आणि डोळे पुसले. मला वाटलं, फौजेतली सगळी वर्षं या एका दिवसासाठीच होती.

जूनपर्यंत झकास चाललं. जुलैत हरणी अधूनमधून थिजायला लागली. मी पावसाला शिव्या दिल्या आणि तारेच्या जोडांना पिशव्या बांधल्या. मग तिचं डोकं एकीकडं आणि शेपूट दुसरीकडं दिसायला लागलं. मी प्रोग्रॅम तीनदा नव्यानं भरला. ऑगस्टात म्हैस दिवसातून एकदा दिसायची, तीही चौकोनी! शेजाऱ्याची नवी पत्र्याची शेड आडवी येते म्हणून मी त्याच्याशी भांडलो. (शेड घराच्या मागच्या बाजूला आहे!) मधल्या वेळात शेतीकडंही माझं लक्ष होतंच. खोडव्याला दोन हात जास्त खत घातलं, पाऊस दडी मारी तेव्हा स्वतः पाणी पाजलं.

मग एका सकाळी संजू मोटरसायकलवरून धापा टाकत आला. "दादा, हरणी व्यायला झालीया!"

पडदा काळाठिक्कर. मी गच्चीवर धावलो, छत्री उपसून बांबूला बांधली आणि बांबू उचलून उभा राहिलो. बायको खालून ओरडली, "आवं, दिसली! शेपूट दिसली! ग्येली!"

"पोरा," आबांचा आवाज आला, "ऊस."

"आबा, तुमाला ह्यातलं कळत न्हाई म्हणलं न्हवं!"

"त्यातलं न्हाई कळत. उसातलं कळतंय. तुटल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेला खोडवा बारा फूट झालाय लेका."

मी बांबूसकट खाली बसलो.

"मग दोन म्हयने बोलला का न्हाई?"

"बोललो हुतो की, उद्घाटनाला. आन् तू खत घालत हुतास, ते कशाला मोडू? ऊस लय झ्याक आलाय गड्या."

पुढं बोलण्यात वेळ घालवला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घातली, गादीवर आबा. (डॉक्टरांनी पाऊल टाकू नका म्हटलं होतं, चाकाबद्दल अवाक्षर नव्हतं!) गोठ्यापाशी पोचलो तेव्हा रेडकाचे पुढचे पाय दिसत होते. आबांनी ट्रॉलीतूनच हाक घातली, "हरणेऽ!" तिनं मान वळवली आणि थोड्याच वेळात रेडी खाली आली. आबा रडले, मी रडलो, संजू तर मोठ्यानं रडला, कारण गच्चीवरची छत्री मी उपसून ठेवल्यानं आता कुणी ऐकत नव्हतं. मी घराच्या दिशेला पाहिलं. घर कुठलं, गावच दिसत नव्हतं! नुसती उसाची हिरवी भिंत, आणि तिला खतपाणी घालणारा सिग्नलवाला मी.

माघात ऊसतोडीची टोळी आली आणि ऊस गेला. छत्री गच्चीवर परत बसवलीच होती. दुपारी चहा घेत असताना पडदा आपोआप उजळला. हरणी, तिची रेडी आणि दोघींच्या मध्ये काठी टेकून आबा! ते केव्हाच चालत मळ्यात जायला लागले होते.

"आवं, काय दुरुस्त केलं म्हणायचं?" बायकोनं विचारलं.

"शेटिंग बदललं," मी म्हणालो.

पडद्यावर आबा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले.

"दिसतोय का रं मी? लौकर काय ते बघून घे. उद्यापासनं पुन्यांदा उसाला पाणी पाजायचंय, आन् पाळी तुझी हाय!"