टांझानियाले काहून जावं

टांझानिया नावाच्या देशाला उद्या राळेगावात वकिलात उघडावीशी वाटली, तर त्या सरकारला जागा शोधत फिरायची गरज नाही. बसस्टँडकडून येताना डाव्या हाताला, कडुलिंबाखाली, जुन्या टायरांची उतरंड लावलेलं पंक्चरचं जे दुकान आहे, तिथं ती कित्येक वर्षांपासून चालूच आहे. वकील एकच, आमचे उस्ताद. त्यांनी स्वतः तो देश पाहिलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या कामाच्या आड कधी आली नाही. उलट मला तर वाटतं, पाहिला असता तर इतकं छान सांगता आलं नसतं. त्यांचा सख्खा भाचा तिकडं अरुशा नावाच्या गावी मोटरसायकली दुरुस्त करतो. तो फोनवर जे बोलतो आणि टीव्हीवर जनावरांचं जे दाखवतात, त्या दोन्हींचं सारण भरून उस्ताद आपली करंजी तळतात.

पंक्चरवाल्याला एक मोठी सोय असते. न्हाव्यासारखंच त्याचंही गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही. चाक खोललेलं, ट्यूब बाहेर, गाडी स्टँडवर. माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं? उस्ताद ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतात. बुडबुडे पहिल्या फटक्यालाच दिसतात, मलाही दिसतात, पण उस्तादांना दिसत नाहीत. कारण तेव्हा त्यांच्या गोष्टीत नदीकाठी ती लाखो जनावरं जमलेली असतात, तोंड गाईचं, दाढी बकऱ्याची, शेपूट घोड्याचं, आणि पाण्यात मगर तोंड उघडून बसलेली असते. कळप पलीकडं पोचल्याशिवाय पॅच बसत नाही. एका कंडक्टरसाहेबांची अशी ड्युटी चुकली होती. ते डेपोत काय सांगणार? मगर होती म्हणून उशीर झाला?

मीही तसा इथं पंक्चरमुळंच आलो. आमचं गाव मालवणच्या बाजूला. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मी शाळेला सोडलं की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. मग एका ट्रकवर क्लीनर झालो. राळेगावजवळ टायर बसला आणि त्याच दिवशी मला ताप भरला. ड्रायव्हर उस्तादांना म्हणाला, ‘पोराला राहू द्या, परतीला नेतो.’ त्याची परती अजून चालू आहे. चाचींनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, मला खिचडी घालून उठतं केलं आणि उस्तादांनी हातात पाना दिला. या दोघांचे उपकार मी बोलून दाखवत नाही, कारण बोललो की उस्ताद ओरडतात. स्वभावानं मी घाबरट. घट्ट केलेला नट पुन्हा घट्ट करतो. उस्ताद म्हणतात, ‘अबे, नट आहे तो, पोलिसाचा मुजरीम नाही. पळून नाही जात.’

तर कारणं. टांझानियाले काहून जावं, याची उस्तादांकडं माणूस पाहून वेगवेगळी कारणं असत. शेतकरी असला तर किलिमांजारो: ‘इकडं खाली केळीचं वावर, अन् वरतं डोंगरावर बर्फ! एकाच नजरेत!’ मास्तर असले तर भाषा: ‘गुरुजी, ते लोक चहाले चायच म्हणतात, चपातीले चपाती. अर्धा देश तं तुमाले आत्ताच समजते.’ नवी सून मागं बसवून कोणी आलं तर झांझिबारची लवंग आणि नक्षीचे दरवाजे. पण त्यांचं स्वतःचं लाडकं कारण वेगळंच होतं. तिथले मसाई लोक, उंच, लाल चादर पांघरलेले, जागच्या जागी हातभर उड्या मारून नाचणारे, जुन्या टायरच्या चपला घालतात. हे सांगताना उस्ताद जवळचा टायर थोपटायचे. ‘टायरच्या! ज्या देशात टायरची इतकी इज्जत आहे, तिथं माणूस काय मनाचा असन, तूच सांग!’

गावातले लोक काही कमी नाहीत. एक तूरवाले काका म्हणायचे, ‘उस्ताद, जनावरं पाह्याले तिकडं कायले मरता? माह्या वावरात या. रोज रात्री डुकरांची बारात येते, अन् नीलगाय तं मानपानाले असतेच.’ दुसरा म्हणायचा, ‘टिपेश्वरचा वाघ पाह्यला का तुम्ही? लोक पुण्यामुंबईवरून येऊन राह्यले.’ उस्ताद हात झटकायचे. ‘घरचा वाघ काय पाह्याचा? तो आपलाच आहे.’

खरी गंमत अशी की हा माणूस घर सोडून कुठं राहिलाच नव्हता. महागावला साडूच्या मुलीचं लग्न होतं. जिल्हा तोच, फक्त टोक दुसरं. उस्ताद सकाळी गेले आणि पंगतीआधीच परत निघाले. चाची म्हणाल्या, ‘अहो, बिर्याणी तरी खायची!’ तर म्हणे, ‘परक्या घरच्या उशीवर मले झोप येत नाही.’ दुपारी झोपायचा विषयच कुठं होता, हे चाचींनी विचारलं नाही. संसाराचा त्यांना चांगला सराव आहे.

आणखी एक सांगायला हवं. दुकानात उस्तादांचा एकच कायदा: अवजार जमिनीवर ठेवायचं नाही, ओलांडायचं नाही. हातातून पडलं तर उचलून कपाळाला लावायचं. दसऱ्याला शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून झेंडूचा हार येतो, तोही सगळ्यात आधी त्यांच्या अब्बांच्या पान्याला. त्या पान्यावरचे आकडे झिजून गेलेत, पण उस्ताद कुठंही गेले, अगदी महागावच्या लग्नालाही, तरी तो खिशात असतोच.

अशात भाच्यानं विमानाचं तिकीट पाठवलं. पासपोर्ट त्यानं हट्टानं आधीच काढायला लावला होता. बातमी अशी पसरली की त्या आठवड्यात टायरमध्ये पुरेपूर हवा असलेली माणसंही हवा भरायला येऊ लागली. ‘उस्ताद, सिंहाले आमचा सलाम सांगा!’ ‘येताना टायरची चप्पल आणजा, दहा नंबर!’ उस्ताद हसत होते, पण चहा अर्धाच पीत होते. मला वाटलं, आनंदानं. मला स्वतःला वेगळीच धास्ती होती. तिकडं त्यांना इतकं आवडलं आणि ते राहिलेच, तर मी कोणाचा? हे मी चाचींना बोललो, तर त्या म्हणाल्या, ‘वेड्या, मी इथं आहे ना. मले सोडून राहीन का तो?’ मग मलाच विचारलं, ‘राहीन का बे?’

नागपूरच्या विमानतळावर पोचवायला मी जीपमधून गेलो. उस्तादांच्या गळ्यात गुलाबाचा हार, अंगाला अत्तर. ते आत गेले. जीपवाला म्हणाला, ‘चाल आता.’ मी म्हणालो, विमान उडू दे. मी दाराबाहेर उभाच राहिलो. बऱ्याच वेळानं दार सरकलं आणि आतून पहिल्यांदा हार आला, मग उस्ताद. हातात अब्बांचा पाना.

‘कचऱ्यात टाक म्हणे!’ उस्ताद दारातूनच ओरडले. ‘लोखंड आत नेता येत नाही म्हणे, त्या डब्यात टाका. अब्बाचा पाना! मी म्हटलं, मी नाही जात, पण हे होनार नाही.’

मी म्हणालो, ‘पण उस्ताद, मी इथं बाहेर उभाच होतो की. माझ्याकडं आणून दिला असता.’

उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. मग पाना खिशात घातला आणि जीपमध्ये जाऊन बसले. विमानातून उतरवून आणलेल्या बॅगेत चाचींनी भाच्यासाठी भरलेला चिवडा होता, तो वाटेत जीपवाल्यानं आणि मी खाल्ला.

मग गावानं करायचं ते केलंच. ‘आलात का उस्ताद? मगरीनं सोडलं?’ उस्ताद उत्तर देईनात. ट्यूब बुडवायची, बुडबुडा दिसला की पॅच, हवा, पुढची गाडी. पंक्चर झटपट निघू लागलं आणि गिऱ्हाईक नाराज होऊन जाऊ लागलं. तूरवाले काका मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘काय झालं बे याले? इतक्यात चाक झालं? मी तं घरून निवांत निघालतो.’

एके दिवशी गुरुजी आले, स्टुलावर बसले आणि सवयीनं म्हणाले, ‘हं, मग? काय म्हणतो टांझानिया?’ उस्तादांनी मान वर केली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘गुरुजी, तिथं जायलाच पाहिजे. तिथं किलिमांजारो नावाची मोठी नदी आहे.’ घमेल्यातला हात थांबला. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी जास्त बोलतो. ‘आणि तिथले ते मसाई लोक, ते लाकडाच्या खडावा घालतात.’

‘टायरच्या!’ उस्ताद गरजले. ‘अबे टायरच्या! अन् डोंगर आहे तो, डोंगर! गुरुजी, याचं ऐकू नका, हा आठवी नापास. मी सांगतो…’ त्या दिवशी गुरुजींची स्कूटर दिवे लागायच्या वेळेला सुटली.

गुरुजी गेल्यावर उस्ताद केरोसीननं हात धुवत बसले. वर न बघताच म्हणाले, ‘तू कसा आलता बे इतक्या दूर?’

‘ट्रकमधून.’

‘ते नाही पुसून राह्यलो. भेव नाही वाटलं?’

मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, ‘वाटलं की. अजून वाटतं.’

‘मले दारातच वाटलं,’ उस्ताद म्हणाले. ‘काचेचं ते दार आपोआप बंद झालं ना, तेव्हाच.’ मग खूप वेळ हात पुसत राहिले. ‘एकदम तिकडं नको. पयले जरा जवळचं करू. तू संगं चाल. तुह्या गावाले जाऊ.’

आता मात्र घाबरायची पाळी माझी होती. इतक्या वर्षांत मी गेलो नव्हतो. गेलो तर काय तोंड दाखवू, ही एक भीती. आणि गेलो आणि परत यावंसंच वाटलं नाही तर, ही दुसरी.

‘सांग ना,’ उस्ताद म्हणाले, ‘तुह्या गावाले काहून जावं?’

मी आठवू लागलो. समुद्र आहे, माड आहेत, दशावतार असतो, सुरंगीच्या फुलांचे वळेसर असतात. ‘आई आहे तिथं,’ मी म्हणालो.

‘बस झालं,’ उस्ताद म्हणाले. ‘पुरते.’

टांझानियासाठी एवढी कारणं लागायची, इथं एकातच काम झालं. आईला फोनवर कळवलंय. ती रोज विचारते, कधी येताय. उस्ताद म्हणतात, पाऊस थांबू दे. मी म्हणतो, सोयाबीन निघू दे, तेव्हा गाड्या जास्त येतात. चाची काही म्हणत नाहीत. त्यांनी चिवड्याचे पोहे आणून ठेवलेत आणि जाता येता आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघतात.