नानांची राहिलेली हजेरी

नाना गेले. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

शिव्या घालण्याआधी पुढचं वाचा.

माझे वडील, सायखेड्याचे गणिताचे मास्तर. तरुणपणी नोकरीसाठी झांबियात होते. शेजारी ऱ्होडेशिया, म्हणजे आताचा झिंबाब्वे. तिथल्या गोऱ्या सरकारशी लढणाऱ्या बंडखोरांचे कॅम्प सीमेच्या अलीकडे, झांबियात. अशाच एका कॅम्पला लागून निर्वासित मुलींची शाळा होती. नाना सुट्टीच्या दिवशी तिथे शिकवायला जायचे.

झाडाला रुळाचा तुकडा टांगून घंटा त्यांनीच केली. शिस्तही आपल्याकडचीच. टोल पडला की मैदानात रांगेत उभं राहायचं.

एका सकाळी सीमेपलीकडून बॉम्बफेकी विमानं आली.

विमान दिसलं की जंगलात पांगायचं, हा कॅम्पचा नियम.
पण मास्तरांचा हात घाबरून घंटेकडे गेला.

मुली धावत उघड्या मैदानात आल्या.

पुढचं नानांनी पाहिलंच नाही. स्फोटात बेशुद्ध पडले, जाग आली ती शहरातल्या हॉस्पिटलात. तोवर कॅम्प हलला होता. किती पोरी वाचल्या, कोणी सांगेना.

"मीच त्यांना बॉम्बखाली उभं केलं," असं आईला एकदाच म्हणाले होते.

आमच्याकडे आरतीला घंटी कधी वाजली नाही. आई टाळ्यांवर भागवायची. मी लहानपणी त्यावरून भांडायचे, आणि नाना उठून गच्चीवर जायचे. किती मूर्ख होते मी!

मागच्या महिन्यात माझ्या लेकीने, मुक्ताने, नानांचा जुना फोटो त्या कॅम्पमधल्या लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला. चार दिवसांत व्हिडिओ कॉल. रुदो नावाच्या एक आजीबाई. "सर!" म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

नानांनी साधं 'कशी आहेस' विचारलं नाही. थेट हजेरी सुरू केली. सगळा वर्ग तोंडपाठ!

"चिपो?"
"आहे सर. टीचर झाली."
"तेंदाई?"
"आहे. पाच नातवंडं आहेत."

दोन नावांना मात्र रुदोबाई थांबल्या.

"त्या दोघी तापाने पडून होत्या, सर. झोपडीतच राहिल्या. बॉम्ब झोपड्यांवर पडले. आम्ही बाकीच्या तुमची घंटा ऐकून बाहेर आलो होतो, म्हणून पळता आलं."

"परत सांग," नाना म्हणाले.

त्यांनी परत सांगितलं.

नानांनी चष्मा काढला. त्या दोघींची नावं हळूच पुन्हा घेतली. बराच वेळ रडले. मीही रडले, मुक्ताही.

मग मला म्हणाले, "लय भूक लागली गं. वाढ बरं."

दोन भाकरी खाल्ल्या. एरवी अर्ध्या भाकरीसाठी मला त्यांच्या हातापाया पडावं लागायचं.

काल दुपारी जेवून झोपले, ते झोपेतच गेले. हा कॉल आला नसता आणि ते गेले असते, तर? विचारही करवत नाही.

मुक्ताने रात्रीच ग्रुपवर कळवलं होतं. आज सकाळी रुदोबाईंचा मेसेज आला: "सरांना सांग, आम्ही सगळ्याजणी रांगेत उभ्या आहोत."

नेण्याआधी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं.

नाना, या आता. निवांत जा.