कर्ता नसलेलं क्रियापद

सरांनी एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं. गल्लीत सगळे त्यांना ‘क्रियापदसर’ म्हणत, कारण वर्गात त्यांचा एकच हट्ट असे: क्रियापद सांगून वाक्य पुरं केल्याशिवाय कुणी खाली बसायचं नाही. आणि नेमकी क्रियापदंच त्यांच्या तोंडून गेली.

मेंदूला झटका आल्यावर महिन्याभरात नामं परतली. चष्मा, खिडकी, पाणी. मागोमाग विशेषणंही आली. क्रियापद मात्र औषधालाही नाही. मुलगी घरीच शिलाई करायची; ती खाणाखुणांवर भागवून न्यायची.

एका दुपारी सर खाटेवरून दाराबाहेर बोट दाखवत म्हणाले, "जिना. माणूस. ओला."

मुलीने मशीन थांबवून वाकून पाहिलं. जिना कोरडा ठणठणीत, रिकामा.

"काय करतोय, बाबा? चढतोय? उतरतोय?"

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "ओला. उंच. उभा."

रोज दुपारी हेच. जिन्याकडे पाठ करून शिवायची तिची हिंमत होईना.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ओला, उभा ही विशेषणं. माणूस कसा ते सांगतात, कधीचा ते नाही. काळ क्रियापदात असतो. त्याशिवाय कसं कळणार, हा माणूस आजचा की साठ वर्षांपूर्वीचा?"

मग दोघी त्यांना चित्रं दाखवू लागल्या: धावतो, पडला, पोहेल. सहाव्या आठवड्यात सरांनी चित्र बाजूला सारलं आणि घाम फुटेपर्यंत जोर लावून म्हणाले, "दादा. नदी. बु... बुडाला."

आपल्याला एक काका होता, हे मुलीला तेव्हा कळलं. सर ढसाढसा रडले. तिला मात्र, वाईट वाटता वाटता, हायसंही वाटलं. भूतकाळ होता. झालं-गेलं.

दुसऱ्या दुपारी सर जिन्याकडे पाहून हसले आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "येतो."

तिने मशीन थांबवलं. मी येतो, तो येतो, रूप एकच. शिवाय घरातून निघणारा माणूसही ‘जातो’ कुठे म्हणतो?

"कोण येतो, बाबा? तो, की तुम्ही?"

सरांनी कर्ता सांगितला नाही. मान कलली, श्वास थांबला.

खालच्या डॉक्टरांना बोलवायला ती धावली. जिना उतरताना, का कोण जाणे, भिंतीला चिकटून अंग चोरून उतरली, दोन माणसं जातील एवढी जागा सोडून.