चार माणसांनी पाहिलेला लॅपटॉप

आमच्याकडे कुठलीही मोठी वस्तू एकट्यानं घ्यायची पद्धत नाही. बैलजोडी असो, मोटारसायकल असो की सोयरीक, चार माणसं सोबत न्यायची. नेलेल्या चौघांना त्यातलं कळलंच पाहिजे असं नाही. चहा पिता आला आणि मान हलवता आली की झालं.

माझी बायको चिखलीला एका धान्य व्यापाऱ्याकडे हिशोबाचं काम करते. अमडापूरहून रोज बसनं जाणं-येणं. त्या हंगामात तिनं शेठजींना धीर करून विचारलं, आठवड्यातले दोन दिवस घरून काम केलं तर? शेठजी म्हणाले, "लॅपटॉप तुमचा असला पाहिजे. सोमवारी करून दाखवा. जेवणाच्या सुट्टीआधी काटापट्ट्या, म्हणजे मालाच्या वजनाच्या पावत्या, हिशोबात चढून आल्या तर पुढंही करा. नाही आल्या, तर रोजची बस आहेच."

म्हणजे सगळं त्या सोमवारवर. तिनं मला बजावून सांगितलं, "घेताना मले सोबत न्या. आन् उजव्या हाताले आकड्यांच्या कळा वेगळ्या पाहिजे. दिवसभर मी आकडेच मारतो."

मी "हाव" म्हणालो. माझं गावात खतं-बियाण्यांचं दुकान आहे. लोक मला विचारून फवारणी करतात, त्यामुळे जगात आपल्याला विचारण्यासारखं बरंच काही आहे असा माझा समज होता. शुक्रवारी ती कामावर गेली आणि मी ठरवलं, संध्याकाळी तिला चकित करायचं. तेवढं मात्र झालं.

सोबत शेजारी (त्यानं नुकताच ट्रॅक्टर घेतलेला), माझा साळा आणि गावातले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर. चौथा मी. चिखलीतले दुकानदार चाचा ओळखीचे. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "भाऊ, काम काय करायचं त्याच्यावर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी म्हणाला, "काम कोणतंबी असो चाचा, ताकदीचा दाखवा."

मग पाहणी सुरू झाली. ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "एका चार्जिंगले ॲव्हरेज काय देते?" साळ्यानं स्पेअर पार्ट कुठं भेटतात ते विचारलं. शेजाऱ्यानं एकेक लॅपटॉप हातावर तोलला, झाकणावर टिचकी मारून कान लावला, आणि सगळ्यात जड, काळ्याकुट्ट, कळांखालून लाल-निळे दिवे लागणाऱ्या एकावर हात ठेवला. "याच्यात माल भरेल आहे बे. बाकीचे निरे पोकळ."

चाचा म्हणाले, "तो पोरांच्या गेम खेळायचा आहे, भाऊ."

"म्हणजे त्याच्यात सगळंच चालते ना?" शेजारी म्हणाला. सगळ्यांनी मान हलवली. आकड्यांचं माझ्या लक्षात होतं, हं! मी वाकून बघितलं. वरच्या ओळीत एकपासून शून्यापर्यंत सगळे आकडे होते. मी निश्चिंत झालो.

घरी आल्यावर पाटावर लाल कापड, त्यावर लॅपटॉप. ट्रॅक्टरची झाली तशी याचीही पूजा व्हायला हवी, असं शेजाऱ्याचं म्हणणं. मी झाकणावर ओल्या हळदीचं स्वस्तिक काढलं, कुंकू लावलं, मग झाकण उघडून अक्षता वाहिल्या. नारळ मात्र उंबऱ्यावर फोडला, तेवढी अक्कल होती.

बायको आली. बघून आधी हसली. मग उजवीकडे बघितलं आणि हसू थांबलं.

"आकडे कुठायत?"

"हे काय, वर!"

"वरचे सगळ्याइलेच असतात," ती म्हणाली. एक कळ दाबून बघितली, ती दबेना. खाली तांदूळ अडकला होता.

शनिवारी तिनं सुट्टी टाकली. आम्ही दोघंच दुकानात गेलो. चाचांनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि झाकणावरचं पिवळं स्वस्तिक बघून दोन्ही हात मागे घेतले.

"भाऊ, वापरेल वस्तू कंपनी वापस घेत नाही, ते तर आहेच. पण पूजा केलेली वस्तू घरून काढून मी दुसऱ्याले विकू? मले झोप लागंल का?"

मी छताचा पंखा न्याहाळत बसलो. बायकोनं मात्र खुर्ची ओढली. "चाचा, नुसते आकडे असतात तसा छोटा कीबोर्ड वेगळा भेटते ना?"

चाचांनी काउंटरखालून तळहाताएवढा डबा काढला. तिनं तिथंच जोडून, डोळे स्क्रीनवर ठेवून, बोटं न बघता चालवून पाहिली. दुसरा मागितला. याच्या कळा खोल जातात म्हणाली. तिसरा पसंत केला, आणि चाचांकडून कळेखालचा तांदूळही काढून घेतला. आम्ही चौघांनी एवढा वेळ घालवला, पण एक अक्षरही दाबून पाहिलं नव्हतं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

सोमवारी तिनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मला हुकूम एकच, आवाज करायचा नाही. मी दुकान बंद ठेवून स्वयंपाकाला लागलो. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात टाकली. आत लॅपटॉपच्या पंख्यानं असा सूर धरला, की भिंतीपलीकडून शेजारी ओरडला, "काऊन हो, मळणी यंत्र घरात घेतलं का?" मी धावत जाऊन त्याच्यापुढे हात जोडले.

मधेच शेठजींचा व्हिडिओ कॉल आला. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, "ताई, तुमचं तोंड लाल-निळं काऊन होऊन राह्यलं? लग्नाची लायटिंग आहे का घरी?"

"दिवे बंद होत नाहीयेत शेठजी. आकडे पाहा तुम्ही."

मग बराच वेळ नुसती कळांची टकटक. मी पातेल्याजवळ उभा. वर्गात शिक्षक पेपर तपासत असताना दाराबाहेर उभं राहावं तसा. सुट्टीच्या थोडं आधी पुन्हा फोन वाजला, आणि या वेळी शेठजी हळू बोलले. काही ऐकू येईना.

दार उघडलं. "सगळ्या पट्ट्या जुळल्या," ती म्हणाली. "दर सोमवारी आन् गुरुवारी घरून."

मी घाईनं ताट वाढलं. तिनं एक घास घेतला, दाताखाली डाळ कटकन वाजली. ती कितीतरी वेळ हसली.

"कुकर लावा," ती म्हणाली. "आता वाजू द्या किती शिट्ट्या वाजवायच्या त्या."